खारुताईचं शेपूट

संग्रहालयाच्या मागच्या अंगाला, जिन्याखालून वळून गेलं की एक लांबट खोली लागते. त्या खोलीत चेहरे झोपलेले असत. भिंतीला लागून काचेची कपाटं, कपाटांत फळ्या, फळ्यांवर प्लास्टरचे चेहरे, आणि सगळ्यांचे डोळे मिटलेले. दुपारचं ऊन वरच्या झरोक्यातून तिरपं आत यायचं, त्यात धूळ तरंगायची, आणि नवखा माणूस आपोआप पाय न वाजवता चालायला लागायचा. कोणाची झोपमोड नको, असं वाटायचं. मावशी मात्र चपला फटफटवत आत शिरायची, "उठा आता, तोंडं पुसून घेऊ," म्हणायची आणि खांद्यावरचं फडकं हातात घ्यायची.

मावशी म्हणजे संग्रहालयात झाडलोट करणारी. तिला मावशी म्हणत नाही असा एक माणूस त्या इमारतीत नव्हता. तिच्याहून वयानं थोरला असलेला दरवानसुद्धा मावशीच म्हणायचा आणि "तुझी कुठून रे मावशी लागले मी?" असं रोज ऐकून घ्यायचा. कागदोपत्री ती केव्हाच निवृत्त झाली होती. साहेब लोकांची भाषणं झाली, सगळ्यांनी निरोप दिला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ही नेहमीसारखी झाडू घेऊन हजर. खोलीची किल्ली कोणी परत मागितली नाही आणि तिनं ती दिली नाही. प्रकरण तिथेच मिटलं.

चेहऱ्यांशी तिचं घरच्यासारखं होतं. कपाळाला आठ्या असलेला म्हातारा तिचा 'सासरेबुवा'. तोंड किंचित उघडं राहिलेला तो 'घोरणारा'. खालचा ओठ पुढे काढलेली बाई 'रुसूबाई'. ज्या साहेबानं हे चेहरे गोळा केले होते त्यानं त्यांना नुसते आकडे दिले होते. आकड्यांना काही हाक मारता येत नाही, म्हणून मावशीनं आपली ही सोय केली होती.

फक्त कोपऱ्यातल्या दोघींना तिनं काही नाव ठेवलं नव्हतं. मधल्या फळीवर शेजारी शेजारी दोन पोरी. बघणारे म्हणायचे, बहिणी दिसतात. एक शांत निजलेली. दुसरीच्या ओठाचा डावा कोपरा जरासा वर उचललेला, हसू दाबताना होतो तसा. मावशी या दोघींना सगळ्यांच्या शेवटी पुसायची आणि सगळ्यांत जास्त वेळ पुसायची. इतकी वर्षं इतकं पुसलं की त्यांच्या गालांवरचा तपकिरी रंग उडून खालचं पांढरं प्लास्टर दिसायला लागलं. संग्रहालयात एक साचेवाला होता, मोडक्या मूर्तींना हातपाय बसवून देणारा. तो एकदा म्हणाला, "मावशी, आता पुरे करा. तुमच्या लाडानं पोरी गोऱ्या व्हायला लागल्या."

"होऊ देत," मावशी म्हणाली. "तेव्हाच झाल्या असत्या, तर साहेबानं बसायला खुर्ची दिली असती."

पण त्या दोघी बहिणी नव्हत्याच. ती एकच मुलगी होती, दोनदा झोपलेली. हे अख्ख्या जगात एकट्या मावशीला ठाऊक होतं.

त्याचं असं झालं होतं. मावशी लहान असताना डोंगरातल्या एका वस्तीत राहायची. तिथे तिला सगळे 'शेपूट' म्हणत, कारण ती सदानकदा थोरल्या बहिणीच्या मागे. थोरलीला म्हणत खारुताई. झाडावर सरसर चढायची, पुढचे दोन दात मोठे, आणि हसू आलं की ते दात लपवायला ओठ घट्ट मिटून घ्यायची. हसू काही लपायचं नाही, डाव्या कोपऱ्यातून बाहेर पडायचंच. खारुताई पाण्याला निघाली की शेपूट मागे. खारुताई लाकडांना निघाली की शेपूट मागे. "अगं, कधीतरी मला एकटीला जाऊ दे," ती वैतागून म्हणायची, आणि वळणापाशी जाऊन थांबायची, शेपूट कुठवर आलं ते बघायला.

एके दिवशी वस्तीवर साहेब आला. राज्य साहेबांचंच होतं, पण इतक्या वर चढून आजवर कोणी आलं नव्हतं. सोबत दुभाषा, हमाल, पेट्या. हा साहेब कर मागत नव्हता की झाडं तोडत नव्हता. हा माणसं मोजायला आला होता. मोजायला म्हणजे किती आहेत ते नव्हे. त्याच्याकडे एक मोठा लोखंडी चिमटा होता. त्यानं तो डोकं मोजायचा, नाक मोजायचा, दोन डोळ्यांमधलं अंतर मोजायचा. दुभाष्यानं समजावून सांगितलं, साहेबांच्या देशात विद्वान लोक शोध लावतायत की माणूस म्हणजे नक्की काय. कोण पुरता माणूस, कोण अर्धामुर्धा, कोण अजून व्हायचाय. त्यासाठी मापं लागतात. वस्तीतली एक आजी म्हणाली, "मग आधी त्याचं डोकं मोजून घ्या म्हणावं." एवढं वाक्य दुभाष्यानं पलीकडे पोचवलं नाही.

मापं चालली होती तोवर सगळ्यांना गंमत वाटली. दुसऱ्या दिवशी चेहरे घ्यायला सुरुवात झाली आणि गंमत गेली. साहेबानं मोठ्या झाडाखाली घडीचा पलंग मांडला. माणसाला त्यावर उताणं निजवायचं, केस फडक्यात बांधायचे, तोंडाला तेल चोपडायचं, कानांत कापूस, नाकपुड्यांत दोन पोकळ काड्या, आणि मग वरून गारगार पांढरा चिखल. डोळे बंद, तोंड बंद. तो चिखल घट्ट होतो, जड होतो, मग आतल्या आत तापायला लागतो, आणि साचा सुटेपर्यंत हलायचं नाही. पहिला म्हातारा उठून बसला तेव्हा आपण मेलो नाही हे त्याला पटेचना. शेवटी त्याच्या बायकोनं त्याला चांगला चिमटा काढला.

खारुताई निजली, तिचं तोंड पांढऱ्याखाली बुडालं, आणि शेपटाला वाटलं, ताई गेलीच. पण ताई उठली. भुवयांना चिकटलेले कपचे काढत म्हणाली, "काही नसतं गं. नुसता अंधार असतो." अंधार असतो म्हटल्यावर तर शेपटाचे दातच वाजायला लागले. आणि पुढची पाळी तिचीच. दुभाषा बोलवायला आला, तेव्हा खारुताईनं तिच्या गळ्यातली लाल मण्यांची माळ काढून स्वतःच्या गळ्यात घातली.

"तू लप. मी जाते तुझ्या जागी. फक्त लांब जाऊ नकोस."

लपायला जागा तरी कुठे होती? शेपूट त्या पलंगाखालीच शिरलं.

आणि साहेबाला कळलं नाही. ज्या चेहऱ्यावरून त्यानं आत्ताच स्वतःच्या हातांनी साचा उचलला होता, तोच चेहरा पुन्हा त्याच्यासमोर येऊन निजला, आणि त्याला कळलं नाही! आदल्या दिवशी त्यानं दोघींची नाकं मापली होती. पण नाक मापणं वेगळं आणि तोंड बघणं वेगळं. त्याच्या लेखी ती सगळी वस्ती सारखीच दिसायची, गळ्यातली माळ तेवढी निराळी. दुभाष्याला मात्र कळलं. त्यानं पलंगाखाली पाहिलं, मग आभाळाकडे पाहिलं आणि म्हणाला, "साहेब, ही धाकटी." देव त्याचं भलं करो.

पुढच्याच साली वस्तीत ताप आला आणि खारुताई त्यात गेली. फोटो तिथे कोणाचाच नव्हता, तसा तिचाही नव्हता. शेपूट मागे उरलं, आणि आता कोणाच्या मागे जायचं ते त्याला कळेना.

मोठेपणी लग्न झालं. नवरा शहरात, संग्रहालयाच्या बागेत माळी. एका दुपारी ती त्याचा डबा घेऊन आली. ऊन रणरणत होतं, म्हणून सावलीला इमारतीत शिरली आणि चुकत चुकत त्या लांबट खोलीत पोचली. मधल्या फळीवर ताई झोपली होती. एकदा नाही, दोनदा. तिच्या हातातला डबा सुटून फरशीवर सांडला, माळी दिवसभर उपाशी राहिला. संध्याकाळी ती त्याला म्हणाली, "मला इथे काही काम बघा. झाडायचं, पुसायचं, काहीही."

"बागेत बाई हवीच आहे," माळी म्हणाला.

"बाग नको. आतलं."

का, ते तिनं त्यालाही सांगितलं नाही. कारण तिच्या मनात एक भीती घर करून बसली होती, आणि ती कोणापुढे बोलून दाखवावी अशी नव्हती. साहेबाचा एक चेहरा आपल्याकडे राहिलाय. लबाडी उघडी पडली की कोणीतरी येणार, पलंग मांडणार आणि म्हणणार, चल, निज. पुढे राज्य गेलं, साहेब गेला, त्याची जहाजं गेली, तरी ही भीती काही गेली नाही. तशी बाई खंबीर. दोन पोरं वाढवली, संसार रेटला, दरवानाला तर बोलण्यात हरवायची. पण साचेवाला बादलीत प्लास्टर कालवायला लागला की झाडू टाकून बागेत निघून जायची.

खोलीबाहेर एक पाटी होती, ती मधूनमधून बदलायची. मावशीला वाचता येत नव्हतं, म्हणून नवी पाटी लागली की ती साचेवाल्याला पकडायची. "वाच रे, आता आम्ही कोण?" साहेबाच्या वेळी पाटी होती, 'रानटी जमातींचे नमुने'. साहेब गेल्यावर आपले अधिकारी आले, त्यांना ते टोचलं, आणि पाटी झाली, 'आपले मागासलेले बांधव'. मग कोणाच्या तरी लक्षात आलं की हेही फारसं बरं दिसत नाही, आणि पाटी झाली, 'आदिम जीवन आणि कला'. "चला, आता आम्ही कला झालो," मावशी म्हणाली आणि खोकला येईपर्यंत हसली. आतले चेहरे प्रत्येक पाटीमागे तसेच झोपून होते.

मग नवी मॅडम आली. वयानं मावशीच्या नातीएवढी, सगळ्या संग्रहालयाची मुख्य, साहेबांच्याच देशात शिकून आलेली, आणि तरीही जिन्यात भेटली की बाजूला होऊन मावशीला वाट देणारी. पहिल्या आठवड्यात ती त्या खोलीत नुसती बसून राहायची. काही लिहीत नव्हती, काही मोजत नव्हती. मावशीनं तिच्या पायांखालून झाडू फिरवला तेव्हा तिनं गुपचूप पाय वर घेतले. मावशीला पोरगी आवडली.

तिनं जुनी पाटी काढायला लावली. नवी लागली त्या सकाळी मावशीनं सवयीनं साचेवाल्याला पकडलं.

"ही माणसं होती," त्यानं वाचून दाखवलं.

"होती? होती काय, होती? मी आहे की अजून!"

बोलून गेली आणि तिनं जीभ चावली. मॅडम मागेच उभी होती.

मॅडमनं तिला आपल्या खोलीत नेलं, खुर्चीवर बसवलं, पाणी दिलं आणि एकेक विचारत गेली. वस्ती कुठली, घरात कोण कोण, साहेब आला तेव्हा ती केवढी होती. मावशीनं निम्मं सांगितलं, निम्मं गिळलं. कोपऱ्यातल्या दोघींतली थोरली ती ताई आणि धाकटी ती तुम्ही, असं मॅडमनं धरलं, आणि मावशीनं मान डोलावली. नाही कशी म्हणणार? नाही म्हटलं असतं तर राहिलेला चेहरा मागितला असता ना कोणीतरी!

मॅडमचे डोळे भरून आले. ती म्हणाली, "मावशी, वस्त्यांवरचे लोक माझ्याकडे येऊन गेलेत. त्यांनी ठरवलंय, हे चेहरे घरी न्यायचे आणि आपापल्या मातीत ठेवायचे. मला ते पटलंय. तुमच्या ताईंचाही जाईल. पण तुमचा चेहरा तुमचा आहे, त्याचं काय करायचं ते तुम्ही ठरवा. माझ्या मनात असं आहे की तो इथे राहावा. खाली तुमचं नाव लिहू. आणि शेजारी तुमचा आजचा चेहरा ठेवू. आपला साचेवाला घेईल, अगदी हळू हातानं. मग येणाऱ्याला कळेल की ज्या पोरीला नमुना म्हणून निजवलं होतं, ती पुढे म्हातारी झाली, आजी झाली, भांडली, हसली. अर्थात तुमची इच्छा असेल तर. नको म्हणालात तर विषय संपला."

मावशीच्या कानांत त्यातलं एकच शिरलं. साचेवाला घेईल. शेवटी मांडलाच पलंग कोणीतरी. आणि इतक्या गोड शब्दांत मांडला की ओरडायचीही सोय ठेवली नाही.

"विचारून सांगते," ती म्हणाली. कोणाला विचारणार होती, देव जाणे.

घरी माळी दारातल्या कुंड्यांना पाणी घालत होता. आता तोही थकला होता, ऐकायला कमी यायचं.

"अहो, माझा चेहरा घेणार म्हणतायत."

"काय घेणार?"

"चेहरा! तोंड!"

माळ्यानं तिच्याकडे निरखून पाहिलं. "कशाला? बरं आहे की अजून."

त्यावर मावशी रडायलाच लागली. आणि रडता रडता तिनं सगळं सांगितलं, पलंग, माळ, दुभाषा, ताप, मॅडमचं बोलणं, सगळं. माळी झारी हातात धरून ऐकत राहिला. पाणी संपलं तरी झारी तिरकीच होती.

"म्हणजे तो डबा यासाठी सांडला होता," तो म्हणाला.

"हो."

"मग त्याच दिवशी सांगायचंस. मी आपला समजत होतो, तुझा पाय घसरला." त्यानं झारी खाली ठेवली. मग म्हणाला, "त्या हसऱ्या पोरीच्या खाली तुझं नाव लागणार?"

"तसंच म्हणाल्या मॅडम."

"आणि जी दुसरी आहे ती मातीत जाणार, नुसत्या आकड्यानिशी. मग तुझी ताई राहिली कुठे?"

इतकी वर्षं मावशीनं स्वतःला लपवलं होतं. त्यात ताईलाही लपवून ठेवलं होतं, हे तिच्या ध्यानातच आलं नव्हतं. आता गप्प बसली तर ताईचं ते हसू कायमचं हिच्या नावावर जाणार होतं, आणि खारुताई म्हणून कोणी होती हे सांगणारं कोणी उरणार नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ती मॅडमच्या टेबलासमोर जाऊन उभी राहिली. बसा म्हटलं तरी बसली नाही.

"मॅडम, ती मी नाही."

"कोण?"

"ती हसणारी. ती पण ताईच आहे. मी पलंगाखाली होते."

मॅडमनं विचारलं, "मग तुमचा चेहरा कुठे आहे?"

"माझ्याकडेच आहे," मावशी म्हणाली. "हा काय."

मॅडम आधी हसली, मग तिला हसू आवरेना, आणि मग ती तोंडावर हात धरून रडायला लागली. "मावशी, त्या साहेबानं लिहून ठेवलंय, की धाकट्या मुलीची मापं आणि तिचा चेहरा जुळत नाही, कारण या हवेत प्लास्टर आकसतं! आम्ही ते कॉलेजात शिकलो हो! आणि या जमातीच्या ओठांची ठेवण अशी उपजतच असते, असंही लिहिलंय त्यानं."

"उपजत कसली? हसत होती ती. साहेबाला फसवलं म्हणून." मावशीनं पदर चुरगळला. "मॅडम, ताईचं नाव लावा तिथे. खारुताई लिहा. माझ्याकडे राहिलाय तो चेहरा... तो घ्यायचा तर घ्या आता."

"तुमच्याकडे कोणाचं काही राहिलेलं नाही, मावशी," मॅडम म्हणाली. "कधीच नव्हतं."

इतक्या वर्षांनी मावशीचा जीव भांड्यात पडला. त्या दिवशी तिनं जिना झाडताना गाणं म्हटलं आणि दरवानाला विनाकारण 'बाळा' म्हणाली.

मग वस्त्यांवरून माणसं यायला लागली. कोणी म्हातारा काठी टेकत, कोणी पोरगी आईबरोबर. चेहरे मऊ कापडात गुंडाळले गेले. सासरेबुवा गेले. घोरणारा गेला. रुसूबाईला न्यायला आलेल्या बाईचा खालचा ओठही तसाच पुढे होता, ते बघून मावशीनं तिला घट्ट मिठीच मारली. शांत निजलेली ताई डोंगराकडे निघाली तेव्हा मावशी फाटकापर्यंत मागे मागे गेली. हसरीला घरी न्या, असं मॅडम म्हणाली होती. मावशीनं विचार केला, घरात बघणार कोण, मी आणि माळी, आणि आमच्यामागे फार तर आमची पोरं. त्यापेक्षा इथे राहू दे. येणारा जाणारा बघेल, साहेबाला फसवणारी पोरगी.

शेवटचं कपाट रिकामं झालं त्या दुपारी मावशी खोलीत एकटीच होती. ऊन तिरपं आलं होतं. सगळ्या फळ्या मोकळ्या, नुसती मधल्या फळीवर एक ताई. मावशी फरशीवर बसली, कपाटाला टेकली, तिचा डोळा लागला. तिला दिसलं, खोलीभर पांढरा चिखल साचत आलाय, गुडघ्याइतका, पण गार नाही, उन्हानं कोमट झालेला. त्यातून सगळे चेहरे होड्यांसारखे तरंगत दाराबाहेर चाललेत. प्रत्येकाचं आपलं माणूस दारात उभं आहे. ताई तेवढी मागे राहिलीये. डोळे मिटलेलेच, ओठही मिटलेले, तरी मावशीला स्पष्ट ऐकू आलं. लांब जाऊ नकोस.

ती जागी झाली, उठली, आणि थेट साचेवाल्याच्या खोलीत गेली. "कालव रे," ती म्हणाली.

"काय कालवू?"

"प्लास्टर. माझा घे. ताईच्या शेजारी ठेवायचाय."

त्यानं मॅडमला बोलावलं. मॅडमनं पुन्हा पुन्हा विचारलं, कोणासाठी करताय, आमच्यासाठी करत असाल तर नको. "तुमच्यासाठी कशाला करू?" मावशी म्हणाली. "ती एकटी पडली आहे. मागच्या वेळी ती गेली माझ्या जागी. आता मी माझ्या जागी जाते."

म्हणाली खरी. पण बाकड्यावर उताणी निजली, केस फडक्यात बांधले गेले, आणि तिनं बाकड्याच्या कडा घट्ट पकडल्या. साचेवाला तेल लावताना लहान पोरीशी बोलावं तसं बोलत होता. हात छातीवर ठेवा, मावशी. हलू नका. घाबरायला झालं तर हाताची बोटं हलवा, मी लगेच काढतो. तिच्या अंगावर मोठं कापड पसरलं, नुसती पावलं बाहेर राहिली. काड्या लागल्या. मग तो पहिला गारगार थेंब कपाळावर पडला, आणि हळूहळू उजेड गेला, आवाज गेले, आणि राहिला तो ताईनं सांगितला होता तो नुसता अंधार.

तो जड होत गेला. तिला वाटलं, आता बोटं हलवावीत, बस झालं, आपल्याला नाही जमायचं. आणि तेवढ्यात तिच्या पायाचा अंगठा कोणीतरी धरला.

मॅडम होती ती. मावशीला ऐकू येत नाही, दिसत नाही, तेव्हा आपण इथेच आहोत हे तिला कसं कळावं, म्हणून तिनं बाहेर दिसणारा तिचा अंगठा मुठीत धरला होता.

आणि अंधारात मावशीला आठवलं. इतकी वर्षं ज्यावर धूळ बसली होती, ते एकदम लख्ख आठवलं. पलंगाखाली शिरल्यावर तिला वरचं काहीच दिसत नव्हतं. ताईची फक्त पावलं दिसत होती, पलंगाच्या कडेबाहेर आलेली. ताई मेली की आहे, हे कळावं कसं? म्हणून शेपटानं हात वर करून ताईच्या पायाचा अंगठा गच्च धरला होता. सोडलाच नव्हता, साचा सुटेपर्यंत. आणि खारुताईला पायाला गुदगुल्या होत. अख्ख्या वस्तीत सगळ्यांना माहीत होतं ते.

साहेबाला हसली नव्हती ती. साहेब तिच्या लेखी तिथे नव्हताच.

मावशीच्या पोटातून हसू वर आलं. तिनं ओठ घट्ट मिटले. हलायचं नाही, हलायचं नाही. पण मॅडमची मूठ तशीच होती, गरम, आणि हसू डावीकडून निसटलंच.

साचा सुटला तेव्हा साचेवाला चुकचुकला. "मावशी, ओठ हलले तुमचे. कोपरा वर आलाय. पुन्हा घ्यावा लागेल."

"काही नको," मावशी डोळे चोळत उठली. "तो तसाच असतो आमच्यात."

आता त्या लांबट खोलीत एकच कपाट आहे आणि त्यात दोन चेहरे. एक कोवळा, गाल पुसून पुसून पांढरे झालेले. एक सुरकुतलेला, आणि त्याला रंग लावू नकोस असं मावशीनंच साचेवाल्याला बजावलं होतं. दोघींचा डावा कोपरा सारखाच वर. लोक काचेला नाक लावून बघतात, आणि बघता बघता त्यांचेही ओठ हलतात. खाली काय लिहायचं, असं मॅडमनं विचारलं होतं. मावशीनं सांगितलं तेवढंच लिहिलंय. एकीखाली 'खारुताई'. दुसरीखाली 'शेपूट'.

सकाळी मावशी चपला फटफटवत येते. आधी ताईला पुसते, मग स्वतःवरून कसंबसं फडकं फिरवते. जाताना कपाट बंद करते, काचेवर बोट टेकवते आणि म्हणते, "लांब नाही गेले गं मी."